खानदेशातील जुन्या घरांचे माळे : वाढत्या भारासाठी कडीपाटाचे बळकटीकरण

तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांत वसलेल्या जळगाव व धुळे जिल्ह्यांतील जुन्या वस्तीत अजूनही लाकडी सांगाड्याची घरे पुष्कळ आढळतात. सागवानी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर अशी त्यांची रचना असते. वरच्या छपराच्या जागी बहुधा धाबे असते आणि त्याखालील माळा धान्य, बी-बियाणे, कापूस, अवजारे व घरातील अडगळ यांसाठी राखलेला असतो. हे माळे ज्या काळी बांधले गेले त्या काळी त्यांच्यावर किती वजन येणार याचा एक ढोबळ अंदाज सुताराच्या मनात असे. पुढे कुटुंबांच्या वाटण्या झाल्या, माळ्याची निजण्याची खोली झाली, कोठे त्यावर पोत्यांची थप्पी लागली, तर कोठे पाण्याची टाकी चढली. लाकूड मात्र पूर्वीचेच राहिले. अशा माळ्यावर अधिक भार टाकावयाचा असल्यास काय तपासावे आणि कोणता उपाय कोठे उपयोगी पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचना आणि भाराचा मार्ग

दोन तुळयांमधील अंतरास खण म्हणतात. खणाच्या आरपार ठराविक अंतराने टाकलेले लहान लाकूड म्हणजे कडी. पाटावरील वजन प्रथम कडीवर, कडीच्या दोन टोकांतून तुळईवर, तुळईतून खांबावर, खांबातून दगडी तळखड्यावर आणि तेथून जमिनीत जाते. ही साखळी नेहमी ध्यानात ठेवावी लागते. कारण साखळीची एक कडी बळकट केली म्हणजे साखळी बळकट होते असे नव्हे. उलट, पूर्वी जो दोष वरच्या कडीत प्रकट झाला असता तो आता खाली, अधिक धोक्याच्या जागी प्रकट होण्याचा संभव असतो.

कड्यांवरील भाराचे दोन भाग पडतात. पहिला स्थिर भार, म्हणजे पाट, कड्या व माती यांचे स्वतःचे वजन. दुसरा चल भार, म्हणजे माणसे व सामान. मातीचे वजन दर घनमीटरला सुमारे १,६०० किलोग्रॅम आणि ओली असता त्याहून बरेच अधिक असते. यावरून पाच सेंटिमीटर जाडीचा थर दर चौरस मीटरला ८० किलोग्रॅम, तर वीस सेंटिमीटरचा थर ३२० किलोग्रॅम भार देतो, हे सहज निघते. राहत्या खोलीसाठी भारतीय मानकाने ठरविलेला चल भार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम आहे. म्हणजे धाब्यावर नुसती माती पडून राहते तिचे ओझे राहत्या खोलीतील माणसे व सामानसुमान यांच्याहून अधिक भरते. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी वा पांढरी माती टाकण्याची रीत आहे. जुना थर न काढता नवा थर चढविला म्हणजे हे ओझे कोणाच्या लक्षात न येता वर्षानुवर्षे वाढत जाते.

धान्याचा भार याहून मोठा असतो. शंभर किलोग्रॅम ज्वारीचे पोते आडवे ठेवले असता सुमारे अर्धा चौरस मीटर जागा व्यापते. म्हणजे पोत्यांच्या एका थरामागे दर चौरस मीटरला २०० किलोग्रॅम. तीन थरांची थप्पी ६०० किलोग्रॅमवर जाते. ग्रंथालयातील पुस्तकांच्या मांडण्यांसाठी, २.२ मीटर उंचीपर्यंत, मानकात धरलेला भारही जवळपास इतकाच आहे. राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर यांसारख्या संस्थांनी ज्या धुळे शहरात हस्तलिखिते व ग्रंथ यांचे मोठे संचय जपले, तेथे ही तुलना केवळ शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही. जुन्या वाड्यात पुस्तकांची खोली करू पाहणाऱ्या कोणालाही ती विचारात घ्यावी लागेल. हजार लिटरची पाण्याची टाकी तर सुमारे एक चौरस मीटर जागेवर एक टन वजन आणते.

एका कडीचे गणित

उदाहरणादाखल एक साधा माळा घेऊ. खणाची रुंदी, म्हणजेच कडीचा गाळा, २.४ मीटर (सुमारे ८ फूट). कडीची रुंदी ७.५ सेंमी. व उंची १० सेंमी.; दोन कड्यांमधील अंतर ४५ सेंमी. पाट, कड्या आणि पाच सेंमी. माती मिळून स्थिर भार दर चौरस मीटरला ११० किलोग्रॅम धरला आहे.

राहत्या खोलीचा २०० किलोग्रॅम चल भार मिळविल्यास एकूण ३१० किलोग्रॅम होतात आणि एका कडीच्या वाट्यास दर मीटर लांबीला १३९.५ किलोग्रॅम येतात. समान पसरलेल्या भाराखाली मध्यभागी येणारे नमन परिबल म्हणजे दर मीटर भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले ८. येथे ते सुमारे १०० किलोग्रॅम-मीटर भरते. कडीचा छेद गुणांक रुंदी गुणिले उंचीचा वर्ग भागिले ६, म्हणजे १२५ घन सेंमी. आहे. म्हणून लाकडातील कमाल प्रतिबल दर चौरस सेंमी.ला ८० किलोग्रॅम येते. आतल्या जागी वापरलेल्या चांगल्या प्रतीच्या सागासाठी सुमारे १४० किलोग्रॅमपर्यंत प्रतिबल मान्य करतात. पण वय, गाठी व भेगा विचारात घेऊन जुन्या, प्रतवारी न झालेल्या लाकडासाठी १०० किलोग्रॅमची मर्यादा पाळणे शहाणपणाचे होय. सागाचा स्थितिस्थापकता गुणांक दर चौरस सेंमी.ला एक लाख किलोग्रॅम धरला असता मध्यभागीचा झोल ०.९६ सेंमी. येतो. गाळ्याच्या २४० व्या भागाची, म्हणजे एक सेंटिमीटरची, जी मर्यादा सामान्यतः पाळतात तिच्या आत तो आहे. तात्पर्य, राहत्या खोलीसाठी हा माळा कसाबसा पुरेसा आहे.

आता त्याच माळ्यावर पोत्यांचे तीन थर रचले असे मानू. एकूण भार दर चौरस मीटरला ७१० किलोग्रॅम होतो. प्रतिबल १८४ किलोग्रॅमवर आणि झोल २.२ सेंमी.वर जातो. धान्य चार-सहा महिने हलत नाही. आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या भाराखाली लाकूड हळूहळू अधिकाधिक वाकत जाते, हा त्याचा गुणधर्म आहे. म्हणून आरंभीचा दोन सेंटिमीटरचा झोल हंगामाअखेरीस तेवढाच राहील असे धरून चालता येत नाही. लाकूड तत्काळ मोडत नाही, याचेच पुष्कळांना समाधान वाटते. परंतु सुरक्षिततेसाठी राखलेला अंश येथे खर्ची पडलेला असतो, आणि एखादी गाठ किंवा कुजलेले टोक असलेली कडी प्रथम बळी पडते.

आधी तपासणी

बळकटी करण्यापूर्वी लाकडाची स्थिती पाहणे अवश्य आहे. भिंतीत शिरलेली टोके सर्वांत आधी कुजतात, कारण तेथे ओल साठते आणि हवा खेळत नाही. वाळवीही बहुधा भिंतीच्या मातीतूनच टोकाकडे येते. साग वाळवीस दाद देत नाही ही समजूत आतल्या पक्क्या लाकडापुरती खरी आहे. बाहेरचे फिकट लाकूड तिच्यापासून सुरक्षित नसते. टोकदार दाभण टोचून आणि हातोडीने ठोकून पाहिल्यास निरोगी लाकूड खणखणीत वाजते व दाभणास विरोध करते. पोकळ लाकडाचा आवाज बद्द येतो. दोरी ताणून प्रत्येक कडीचा झोल मोजावा. सर्व कड्या सारख्या वाकल्या असतील तर दोष बहुधा भाराचा, आणि एखाददुसरीच वाकली असेल तर दोष त्या लाकडाचा. कडीच्या खालच्या बाजूस मध्यभागी असलेली गाठ किंवा तिरपी भेग विशेष धोक्याची, कारण तेथेच ताण सर्वाधिक असतो. कुजलेल्या टोकाच्या कडीला कितीही जोड दिला तरी ती आधारावरून निसटू शकते. अशी कडी बदलणे किंवा तिच्या टोकाखाली स्वतंत्र आधार देणे हाच मार्ग होय.

बळकटीचे उपाय

पहिला उपाय ओझे कमी करण्याचा. यास खर्च थोडा आणि धोका कमी. माळ्यावरील पाच सेंटिमीटर माती काढून टाकली तर दर चौरस मीटरला ८० किलोग्रॅम भार उतरतो. धाब्यावर साठलेले जुने थर उतरविल्यास लाभ याहून मोठा होतो. त्याला एक मर्यादा मात्र आहे. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि मातीचा जाड थर हेच त्या घराचे उन्हापासूनचे संरक्षण असते. यास्तव सगळी माती न काढता आवश्यक तेवढाच थर ठेवून पाण्याचा निचरा सुधारणे अधिक योग्य. सामान तुळईच्या वर व टोकांजवळ ठेवून खणाचा मध्य मोकळा ठेवल्यासही कडीतील नमन परिबल लक्षणीय घटते.

दुसरा उपाय जोडकडीचा. जुन्या कडीच्या बाजूस तेवढ्याच मापाची नवी कडी लावली तर छेद गुणांक व ताठपणा दुप्पट होतात. वरील उदाहरणात प्रतिबल ९२ किलोग्रॅमवर, तर झोल १.१ सेंमी.वर येतो, म्हणजे झोलाची मर्यादा अजूनही किंचित ओलांडलेली राहते. नवी कडी ७.५ सेंमी. रुंद पण १५ सेंमी. उंच घेतली तर चित्र पालटते. ताठपणा उंचीच्या घनाप्रमाणे वाढत असल्यामुळे दोन्ही कड्या बरोबरीने वाकताना भाराचा सुमारे ७७ टक्के भाग एकटी नवी कडी उचलते. तिच्यातील प्रतिबल ६३ किलोग्रॅम, जुन्या कडीतील ४२ किलोग्रॅम आणि झोल अवघा अर्धा सेंटिमीटर होतो. लाकूड दीडपट लागले, पण ताठपणाची भर जवळजवळ साडेतीनपट झाली. लाकूड आडवे न ठेवता उभे का ठेवावे, या सुताराच्या नित्याच्या नियमामागील कारण हेच.

या उपायात तीन पथ्ये आहेत. नवी कडी गाळ्याच्या मध्यापुरती तोकडी न ठेवता दोन्ही आधारांपर्यंत पोहोचली पाहिजे. तिची वरची बाजू पाटाला नीट टेकली पाहिजे. नाही तर तिला भार मिळतच नाही. आणि ती जुन्या कडीपेक्षा पाच सेंटिमीटर खोल असल्यामुळे तुळईवर बसविताना टोकाशी खालून खाच घ्यावी लागते. ही खाच चौकोनी कोपऱ्याची असल्यास तेथूनच लाकूड तंतूंच्या दिशेने फाटू लागते. म्हणून ती सावकाश उतरत्या ढाळाची करावी आणि उंचीच्या एक-तृतीयांशाहून खोल घेऊ नये. दोन्ही कड्या नुसत्या खिळ्यांनी न जोडता गिरमिटाने आरपार भोके पाडून, रुंद वायसर घालून, बोल्टांनी एकमेकींस आवळाव्या. बोल्ट एका रेषेत न घेता वरखाली आलटून-पालटून घ्यावे.

तिसरा उपाय लोखंडी पट्ट्यांचा. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सागाच्या सुमारे वीसपट आहे. जुन्या कडीच्या दोन्ही अंगांस सहा मिलिमीटर जाड व दहा सेंटिमीटर उंच अशा पट्ट्या आरपार बोल्टांनी बसविल्यास त्यांचा ताठपणा लाकडाच्या भाषेत सुमारे २,००० सेंमी.⁴ निरूढी परिबलाइतका होतो. मूळ कडीचा तो केवळ ६२५ आहे. त्यामुळे झोल पुन्हा अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास येतो. माळ्याखालची उंची कमी होत नाही आणि टोकाशी खाच घ्यावी लागत नाही, हा या उपायाचा गुण. गंज चढू नये म्हणून पट्ट्यांना रंग द्यावा लागतो, आणि आगीच्या वेळी उघडे पोलाद लवकर नरम पडते, ही त्याची उणीव.

चौथा उपाय मधल्या तुळईचा. कड्यांच्या मध्याखाली नवी तुळई घातली की गाळा निम्मा होतो. नमन परिबल चतुर्थांश होते. उदाहरणातील प्रतिबल १८४ वरून ४६ किलोग्रॅमवर येते आणि झोल नगण्य राहतो. हिशेबाने पाहता हा सर्वांत प्रभावी उपाय होय. परंतु त्याबरोबर एक गोष्ट विसरता येत नाही. कडी अखंड असेल तर तिच्यावरील एकूण भाराचा पाच-अष्टमांश भाग या नव्या तुळईवर येतो. ती तुळई जेथे टेकते तेथील भिंत किंवा नवा खांब हा भार जमिनीपर्यंत पोहोचवू शकला पाहिजे. जोत्याच्या फरशीवर उभा केलेला टेकू म्हणजे पाया नव्हे.

सर्व उपायांस लागू असलेले एक तत्त्व असे की जोडणी भार उतरवून करावी. वाकलेल्या कडीला त्याच स्थितीत जोड दिला तर तोपर्यंतचा सर्व ताण जुन्या लाकडातच अडकून राहतो आणि नवा भाग फक्त पुढे येणाऱ्या भाराचा वाटेकरी होतो. पोती भरलेली असताना केलेल्या बळकटीनंतर जुन्या कडीतील १८४ किलोग्रॅम प्रतिबल तसेच राहील. डोळ्यांना काम झालेले दिसेल एवढेच. यास्तव माळा रिकामा करून, कडीखाली जॅक किंवा पाचरींचा टेकू देऊन, झोल हळूहळू उचलावा आणि मगच बोल्ट आवळावे. एका दिवसात झोल पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये. जुने लाकूड अशा घाईत तडकते.

कडीखालची साखळी

कड्या पक्क्या झाल्या म्हणून थप्पी रचण्यास मोकळीक मिळाली असे समजणे ही या कामातील सर्वांत मोठी चूक. वरील उदाहरणात तुळईचा गाळा तीन मीटर, तिचे माप १५ × २० सेंमी. आणि तिच्या दोन्ही बाजूंस २.४ मीटरचे खण आहेत असे धरू. राहत्या खोलीच्या भाराखाली तुळईतील प्रतिबल ८४ किलोग्रॅम असते. पोत्यांच्या भाराखाली ते १९२ किलोग्रॅम होते. म्हणजे कड्यांना कितीही लोखंड लावले तरी आता तुळई मोडण्याच्या वाटेवर आहे. कडी मोडली तर एखादा पाट खचतो. तुळई मोडली तर दोन खण एकदम खाली येतात. यास्तव तुळईलाही बाजूंनी पोलादी चॅनल लावणे, तिचा गाळा कमी करणारे तिरपे हस्त खांबापासून देणे, अथवा थप्पीची उंची एका थरापुरती मर्यादित करणे यांपैकी काही तरी करावेच लागते.

याहून खाली खांब आणि जमीन. अशा मधल्या खांबावर माळ्याचा भार राहत्या स्थितीत सुमारे २.२ टन, पोत्यांसह ५.१ टन येतो. डोक्यावर वीस सेंटिमीटर मातीचे धाबे असल्यास आणखी २.३ टन मिळतात. साठ सेंटिमीटर चौरस पायथ्यावर जमिनीतील दाब दर चौरस मीटरला १२.६ टनांवरून २०.६ टनांवर जातो. वाळलेल्या काळ्या मातीसाठी प्राथमिक अंदाज म्हणून सुमारे १५ टनांचा दाब धरतात. ओली झाली की तिची शक्ती बरीच घटते. खानदेशातील काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. एक खांब खचला आणि शेजारचा तसाच राहिला तर कड्या-तुळयांचे सांधे उघडतात, आणि वर केलेल्या सर्व कामाचे मोल कमी होते. म्हणून नव्या वा बळकट केलेल्या खांबाचा पाया काळ्या मातीचा थर ओलांडून मुरुमापर्यंत नेणे, आणि घराच्या पाठीमागील सांडपाणी पायापासून दूर काढणे, ही दोन्ही कामे माळ्याच्या बळकटीचाच भाग समजली पाहिजेत.

डोक्यावरील ओझे केवळ उभ्या दिशेने घातक असते असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगावली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड मातीची माळवदे यांचा त्या हानीत मोठा वाटा होता. धरणीकंपात छपरास बसणारा आडवा धक्का त्याच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. म्हणून किल्लारीनंतर सुचविल्या गेलेल्या दुरुस्त्यांत माळवदावरील माती कमी करणे आणि खांब व तुळई यांच्या कोपऱ्यांत तिरपे टेकू देणे यांना महत्त्वाचे स्थान मिळाले. माळ्यावर धान्याचा टनावारी साठा करणे म्हणजे तेच वस्तुमान पुन्हा उंचावर नेणे होय.

उपसंहार

वरील विवेचनावरून निर्णयाचा एक क्रम निष्पन्न होतो. प्रथम भार मोजावा. नंतर कडी, तुळई, खांब आणि पाया या चारही टप्प्यांवर तो तपासावा. त्यांत जो टप्पा सर्वांत दुबळा ठरेल त्यावरून माळ्याची मर्यादा ठरवावी. बळकटी करावयाची झाल्यास खालून वर करावी. वरून खाली नव्हे. राहत्या खोलीपुरती सोय हवी असेल तर खराब कड्या बदलणे, निवडक कड्यांना जोड देणे आणि मातीचा थर मर्यादित करणे एवढ्यावर बहुधा भागते. धान्याचा मोठा साठा किंवा ग्रंथांच्या मांडण्या हव्या असतील तर खर्चाचा हिशेब मांडून पाहावा. पुष्कळदा हे ओझे तळमजल्यावर, पक्क्या जोत्यावर, पत्र्याच्या कोठीत वा कपाटांत ठेवणे हेच स्वस्त व सुरक्षित ठरते.

जुन्या कारागिरांनी सातपुड्याच्या सागाचे घर उभारताना अनुभवाने जे प्रमाण राखले ते त्या काळच्या वापरास पुरेसे होते. वापर बदलला की ते प्रमाण पुन्हा तपासणे हे आजच्या अभियंत्याचे कर्तव्य ठरते. माळ्याखाली रोज कोणी तरी निजते. कडीपाटाच्या गणितात सुरक्षिततेचा अंश का राखावा, याचे उत्तर एवढ्या एका गोष्टीत सामावलेले आहे.